हाकेला ओ

आमच्या घरात मुलगी नाही. म्हणजे मी आहे, एकोणीस वर्षांची, केस कमरेपर्यंत, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. पण घरातल्या बोलण्यात मी कुठे सापडत नाही. आई विचारते, "सोन्या, आलास का?" मी म्हणते, "आलो." "जेवलास?" "जेवलो." उंबरठ्याबाहेर मी गेले, आले, दमले, चिडले. उंबरठ्याच्या आत गेलो, आलो, दमलो. चिडायची मात्र मुभा नाही, कारण तो म्हणे चिडका नव्हता.

तो म्हणजे माझा जुळा भाऊ. माझ्या जरासा आधी जन्मला, म्हणून कायमचा थोरला. आम्ही नुकतं घरभर पळायला लागलो होतो, तेव्हा तापाने गेला. 'सोन्या' त्याची हाक. माझी हाक काय होती ते कुणाच्याच लक्षात नाही, आणि मी विचारलं तर आई कात्री शोधायला लागते.

शेजारणींना वाटतं, लाड चाललेत. "एकुलती एक ना, मुलासारखी वाढवलीय," असं एकमेकींना सांगतात. मुलासारखी नाही हो, मुलगाच. पण कित्येक घरांत पोरींना 'अरे बाळा' म्हणतात, त्यामुळे आमच्या घरातलं भूत कधी कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

भूत हा शब्द मी थट्टेने वापरत नाही. मी घरात शिरले की आई आधी माझ्या खांद्यावरून मागे बघते. रोज. जिन्यात आणखी कोणी चढत असल्यासारखी. मग मी दार लावायला वळले की म्हणते, "असू दे, वारा येतो." आमच्या जिन्यातून वारा कधी आला नाही. येतात ते दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे वास आणि दुसऱ्यांची भांडणं. तरी झोपायची वेळ होईपर्यंत दार वीतभर उघडंच असतं, आणि त्या फटीसमोर आई शिवणयंत्रावर बसून लोकांच्या पँटी आखूड करत असते.

बाबा बस चालवतात. त्यांनी या सगळ्यातून स्वतःपुरती पळवाट काढलीय. माझ्याशी बोलताना ते क्रियापदच असं निवडतात की मुलाशी बोलतायत की मुलीशी ते कळूच नये. "जेवण झालं?" "झोप पुरी झाली का?" "कामाला जायचंय ना आज?" इतकी वर्षं त्यांनी मला कधी 'आलास' म्हटलं नाही, 'आलीस'ही म्हटलं नाही. अरुंद गल्लीतून बस काढावी तशी वाक्यं काढतात, कुठेही घासू न देता. लहानपणी मला ते मजेशीर वाटायचं. आता राग येतो.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मी कविता करायला लागले.

हसू नका. दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात जमतो. भिंतीवर सगळ्या वाहतुकीच्या खुणा लावलेल्या, 'पुढे धोक्याचे वळण' आणि 'थांबा'च्या मधोमध आमचा कवितेचा कारभार. वर्गाची किल्ली जिच्याकडे असते ती तिथेच गाडी शिकवते. वयाने आमच्याहून चार वर्षांनी मोठी, आम्ही तिला क्लच म्हणतो, कारण तिची सगळी शहाणपणाची वाक्यं गाडीतूनच येतात. "कविता म्हणजे समोरची काच नाही रे," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बाजूचा आरसा आहे. मागून कोण येतंय ते कळायला."

आमच्यात एकीच्या अर्ध्या चेहऱ्यावर जन्मखूण आहे, ती फक्त त्या अर्ध्या चेहऱ्याच्या कविता करते. एक भोंगा आहे. आवाज खर्जातला, पण बोलताना अडखळतो, आणि सगळ्यात जास्त 'मी' या शब्दावर. 'म'वर गाडी जी अडते ती अडतेच. टोपणनाव त्याने स्वतःच घेतलंय. म्हणतो, लोकांनी ठेवायच्या आधी आपणच ठेवलेलं बरं. मजा म्हणजे दुसऱ्याची कविता वाचताना तो मुळीच अडखळत नाही.

कारण आमच्याकडे आपली कविता आपण वाचायची नाही. कागद घडी करून टेबलावर ठेवायचे, ज्याच्या हाताला जो लागेल त्याने तो वाचायचा. क्लचचं म्हणणं, आपण वाचलं की लपवतो, दुसऱ्याने वाचलं की पकडले जातो. दुसरा नियम भांडणातून आला. एकदा एका मुलाने एका मुलीची कविता वाचताना सवयीने 'भ्याले'चं 'भ्यालो' केलं, आणि ती उठून निघूनच गेली. रस्त्यात गाठून तिला परत आणावं लागलं. तेव्हापासून ठरलं, क्रियापदाला हात लावायचा नाही. जसं लिहिलंय तसंच वाचायचं, मग वाचणारा कोणी का असेना.

त्या रविवारी माझा कागद भोंग्याच्या हाताला लागला.

"हाक आली की मी आलो," त्याने वाचलं. 'मी'वर तो अडला नाही.

"हाक कुणाची, विचारलं नाही.
भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास धरून आहे,
त्याच्या वाटणीचा श्वास मी घेत आलो."

मी खुर्चीची कड घट्ट धरली. मी 'आलो' लिहिलंय हे मला माहीतच नव्हतं. लिहिताना तो शब्द हाताने आपोआप लिहिला होता, जसा घरात तोंडाने आपोआप निघतो. आणि आता तो एका मुलाच्या, जाड, नीट, माझ्याच वयाच्या आवाजात खोलीत उभा होता. माझा भाऊ वाढला असता तर त्याचा असाच आवाज असता. मला इतकी खात्री वाटली की मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त 'वाहने उभी करू नयेत'ची पाटी होती.

क्लच म्हणाली, "छान आहे. पण हा कोण आहे?"

"मीच," मी म्हटलं.

"तू नाहीस. तू कशी बोलतेस ते मला ठाऊक आहे. हा दुसरा कोणीतरी आहे, आणि गाडी तोच चालवतोय. तू बाजूला बसलीयस."

मला असा राग आला की विचारू नका. शिकवायची गाडी असती, बाजूच्या सीटलाही ब्रेक असलेली, तर मी तो दाबला असता. "तुला काय कळतंय?" मी म्हटलं.

"काही नाही," ती म्हणाली. "पुढच्या वेळी तुझी आण. तुझ्या क्रियापदातली."

भोंग्याने कागद माझ्याकडे परत दिला आणि हळूच म्हणाला, "म-म-मला सोपी गेली. म्हणजे… त-तुझी नसेल."

घरी जाताना मी जिन्यातच ठरवलं. दार नेहमीसारखं वीतभर उघडं होतं. मी ते ढकललं आणि म्हटलं, "आई, आले."

शिवणयंत्र थांबलं. "कोण?"

"मी."

"कोण मी?"

आई उठून दाराशी आली. एका हातात पँट, दुसऱ्यात कात्री. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी शपथेवर सांगते, तिने मला ओळखलं नाही. चुकीच्या घरात शिरलेल्या बाईकडे बघावं तसं बघत होती, अजून रागावली नव्हती, नुसती विचारात पडलेली. मग नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, जिन्यात, आणि तिथे कोणी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा उतरायला लागला. मला ते बघवलं नाही. मी घाबरले. मी म्हटलं, "आलो, आई. मीच आलो."

"केवढं घाबरवलंस रे," आई म्हणाली आणि तिच्या तोंडावर रंग आला. "हातपाय धू."

हातपाय धुताना मला रडू आलं. एका अक्षरासाठी कोणी रडतं का? मी रडले. 'आले' म्हटलं तर त्याला मी मारते, 'आलो' म्हटलं तर स्वतःला. ही काय निवड झाली?

त्यानंतर घर बदललं. किंवा मला ऐकू येणं बदललं असेल. आई हाक मारायची आणि मी ठरवायच्या आत 'आलो' म्हणून झालेलं असायचं, आणि तो आवाज मला माझा वाटायचा नाही. मग एका सकाळी मी बेसिनपाशी दात घासत होते, तोंडात पेस्टचा फेस. बाहेरून आई म्हणाली, "सोन्या, रे." मी चूळ भरायला वाकले. तेवढ्यात आई म्हणाली, "हां, ये मग."

मी ओ दिली नव्हती.

मी तशीच उभी राहिले, हनुवटीवरून फेस गळत, नळ चालू. आरशात मी एकटीच होते. कितीतरी वेळ मला वळायची हिंमत झाली नाही.

दुपारी मी दुकानातून सुट्टी घेतली आणि बाबांच्या बसमध्ये जाऊन बसले. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की ते पुढच्या सीटवर बसून डबा खातात. मी समोर बसले आणि सकाळचं सांगितलं. म्हटलं, "बाबा, मी वेडी होईन. खरं सांगा, हे सुरू कसं झालं?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं.

"तो बोलायला लवकर लागला," बाबा म्हणाले. "हाक मारली की कुठूनही 'आलो, आलो' करत यायचा. आणि तू… बोलणं काहीच नव्हतं. एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "तो गेला. तुझ्या आईने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही, पाणीसुद्धा आम्ही चमच्याने पाजायचो. मग एका संध्याकाळी ती सवयीने हाक मारून बसली. 'सोन्या.' तिलाही कळलं की काय झालं तोंडातून. आणि आतल्या खोलीतून आवाज आला, 'आलो.'"



"पहिला शब्द," बाबा म्हणाले. "त्याचाच ऐकून ऐकून शिकलेला. तुरुतुरु बाहेर येऊन तिच्या मांडीवर बसणं. त्या संध्याकाळी ती जेवली. मग तो शब्द दुरुस्त कोण करणार? मला नाही जमलं. चुकीचा म्हणवेना, बरोबरही म्हणवेना." थांब्यावर लोक जमायला लागले होते. त्यांनी डबा पिशवीत टाकला. "जपून जायचं," ते म्हणाले. इतकं सगळं सांगूनही वाक्य कुठे घासलं नव्हतं.

दुकानात माझं काम काचा घासायचं. मालक डोळे तपासतात, मी काच फ्रेमच्या मापाची करते. जवळचा नंबर मात्र मलाच काढायला देतात. माणसाच्या नाकावर चाचणीची जड गोल फ्रेम चढवायची, एक काच घालायची, मग दुसरी, आणि विचारायचं, "हे स्पष्ट की हे?" लोक फार घाबरतात या प्रश्नाला. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसेल असं त्यांना वाटतं. काहीजण म्हणतात, "दोन्ही सारखंच." मग मला कळतं की दोन्हींच्या मधला नंबर आहे.

त्या आठवड्यात घासायच्या यंत्रासमोर बसल्या बसल्या मी मनात 'आलो' आणि 'आले' अशा दोन काचा बदलत होते. आलो. आले. हे की हे? आणि एकदम मी यंत्र बंद केलं. 'मी आलो' हे त्याचं. 'मी आले' हे माझं. पण 'आम्ही' म्हटलं की? आम्ही आलो. बाया आल्या तरी आलो, पुरुष आले तरी आलो, भाऊ-बहीण आले तरी आलो. क्रियापदाला हात लावायचा नाही हा आमचा नियम, आणि मला तो लावायचाच नव्हता. मला फक्त त्याच्या मागचा 'मी' काढायचा होता. तो शब्द मी त्याच्याकडून चोरलेला नव्हता. अर्धा माझाच होता, आम्ही आलो तेव्हापासून.

लिहायला वेळ लागला नाही. रविवारी तो कागद पुन्हा भोंग्याच्याच हाताला आला. मला वाटतं त्याने मुद्दाम उचलला. वाचत गेला नीट, आणि शेवटच्या ओळीला थांबला. अडखळला नाही, थांबला. "ही ओळ हिची आहे," तो म्हणाला. "हिनेच व-वाचावी." क्लचने नियम आहे म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मी वाचली. माझा आवाज मला बारीक वाटला, पण दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. मग कुणी न सांगता भोंग्याने खिशातून स्वतःची कविता काढली आणि स्वतः वाचली. 'मी'वर इतका वेळ अडला की बाहेर एक जण गाडी मागे घेऊन, खांबाला ठोकून, शिव्या खाऊन गेला. आम्ही सगळे वाट बघत बसलो. कुणी त्याच्यासाठी शब्द पुरा केला नाही.

आईच्या हातून त्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाच्या पँटीचा एक पाय वर आणि एक खाली झाला. सुईत दोरा तर महिनोन्‌महिने मीच ओवून देत होते. "चाळिशी लागलीय, आई, चल," म्हणून तिला अक्षरशः ओढत दुकानात आणली. मालक जेवायला गेले होते. मी तिच्या नाकावर फ्रेम चढवली, काच घातली आणि वाचायला नेहमीच्या कार्डाऐवजी माझा कागद दिला. बारीक अक्षरात लिहिलेला.

"मोठ्याने वाच," मी म्हटलं. "जसं लिहिलंय तसंच."

आईने कागद लांब धरला, मग जवळ आणला.

"हाक एकच होती.
आलो आम्ही दोघं.
एका हाकेला दोघांनी ओ दिली,
मग ओ देणारं एकच उरलं.
तो…"

आई थांबली. "अक्षर लागत नाही."

मी काच बदलली. "आता?"

"नाही लागत."

मी पुन्हा बदलली. नंबर पहिल्याच काचेला बरोबर होता. मला ते माहीत होतं, आणि तिलाही. पुढचा शब्द तिने घरात आजवर कधी उच्चारलेला नव्हता. बाहेर कोणीतरी दाराची घंटा वाजवून आत डोकावलं आणि आमच्याकडे बघून परत गेलं.

"तो गेला," आईने वाचलं. अगदी हळू, पहिली इयत्ता वाचते तसं. मग खालची ओळ. "राहिले मी."

तिने कागद खाली ठेवला. "हे चुकलंय. राहिलो पाहिजे."

"नाही, आई. ते तसंच आहे."

फ्रेममधून तिचे डोळे फार मोठे दिसत होते. "ह्यांनी सांगितलं तुला?"

"हो."

"मला काय माहीत नव्हतं?" आई म्हणाली. "त्याच संध्याकाळी माहीत होतं. ओ तू दिलीस. मी काही वेडी नाही." तिने दोन्ही हातांनी फ्रेम काढली आणि मांडीवर धरली. "पण हाक मारली आणि कुणी ओ दिली, तर माणूस कोणाची आहे ते बघत बसतं का? मला वाटलं, मोठी झालीस की आपोआप सुटेल. मग तू मोठी झालीस, आणि मला भीती वाटायला लागली." दोनदा 'मोठी' म्हणाली, हे तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

"चाळिशी कधी मिळेल?" तिने विचारलं.

"उद्या," मी म्हटलं. "मीच घासते."

संध्याकाळी मी जिना चढले. दुकानातलं दुकानात राहतं, घर वेगळं असतं. दार वीतभर उघडं होतं. आतून यंत्राचा आवाज येत होता, बाबांचा पेपर फडफडत होता. मी दार ढकललं आणि तिथेच उभी राहिले.

"आई, आले."

यंत्र थांबलं. पेपरही थांबला. मी वाट बघितली, आम्ही भोंग्यासाठी थांबलो होतो तशी.

"आलीस?" आई म्हणाली.

ती दाराशी आली, हातात सुई, दोरा न ओवलेली. माझ्याकडे बघितलं. मग रोजच्यासारखं माझ्या खांद्यावरून मागे.

"आणि तो?"

"तो नाही आला, आई."

ती जरा वेळ जिन्याकडे बघत राहिली. मग सुई माझ्या हातात दिली.

"बरं," ती म्हणाली. "मग दार लावून घे."

मी दार लावायला वळले. लावायच्या आधी मीही एकदा जिन्यात बघितलं, खालच्या वळणापर्यंत. मग कडी घातली.